रोशेल : एका सुगंधाचा आणि त्याच्या कारागिरांचा इतिहास

पुसेगाव काय, हिंगोली काय किंवा परभणी काय, ईदच्या सकाळी नमाजला निघण्यापूर्वी अत्तराचा फाया कानात ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. उरुसात संदल निघतो तेव्हा चंदनाचा लेप दर्ग्यावर चढतो. लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावले जाते, मय्यतीत कापूर लागतो. जन्मापासून मातीपर्यंत सुगंध आपली सोबत करतो. असे असूनही हा सुगंध कुठून येतो, तो कोण काढते, ते हुन्नर कोणाच्या हातात होते, याचा विचार आपण फारसा करत नाही. अत्तराची कुपी मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरून आली किंवा कन्नौजहून आली, एवढ्यावर आपले समाधान होते.

मुसलमानांच्या इतिहासाबद्दलही आपले असेच झाले आहे. इतिहास म्हटला की बादशहा, सुलतान, किल्ले, लढाया आणि मकबरे. आपल्याला दूषणे देणारे त्याच यादीतून दूषणे शोधतात आणि आपली बाजू मांडणारेही त्याच यादीतून अभिमानाच्या गोष्टी काढतात. दोघांच्याही यादीत पिंजारी नाही, मोमीन विणकर नाही, बागवान नाही, कासार-तांबट नाही, अत्तराच्या भट्टीवर रात्र रात्र जागणारा कारागीरही नाही. या महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुसलमानांचे पूर्वज तख्तावर बसणारे नव्हते, चुलीपाशी आणि मागापाशी बसणारे होते. त्यांचा इतिहास लिहायचा तर वेगळ्या ठिकाणी शोधावा लागेल. प्रस्तुत लेखात अशाच एका धंद्याची हकीकत सांगायची आहे. तो धंदा आहे रोशेलचा, म्हणजे रोशा गवताच्या तेलाचा.

गवत एक, नावे अनेक

रोशा गवताला संस्कृतात रोहिष म्हणतात. खानदेशात रोशा किंवा रोसा, वऱ्हाडाकडे तिखाडी. त्याच्या तेलाला मराठीत जुना आणि सुटसुटीत शब्द आहे, रोशेल. सांधे धरले, पाठीत चमक भरली, थंडीत गुडघे दुखू लागले की रोशेल चोळायचे, हा जुन्या माणसांचा घरगुती इलाज होता. हे गवत गवती चहाच्या कुळातले आहे. शास्त्रज्ञ दोघांनाही एकाच प्रजातीत घालतात. पण गवती चहाला लिंबाचा वास आणि रोशाला गुलाबाचा. डोंगरउतारावर, माळावर, विरळ जंगलात ते आपोआप वाढते. माणसाच्या उंचीपर्यंत जाते आणि पावसाळा सरताना त्याला तुरे येतात. तुरा बोटांत चुरगळला की गुलाबासारखा गोड वास हाताला लागतो.

शास्त्रीय जगात या गवताचे नाव सिंबोपोगॉन मार्टिनी असे आहे. हा मार्टिन म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन. जन्माने फ्रेंच, चाकरीने ईस्ट इंडिया कंपनीचा. लखनौ आणि कलकत्त्याच्या 'ला मार्टिनियर' शाळा याच्याच पैशांतून निघाल्या. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९० ते १७९२ च्या लढाईत तो कंपनीच्या फौजेबरोबर दख्खनच्या बालाघाटात आला होता. तिथे हे गवत त्याच्या नजरेस पडले, त्याने बी गोळा केले आणि लखनौला नेऊन लावले. पुढे विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने या गवताचे वर्णन केले आणि त्याला मार्टिनचे नाव दिले. लढाई संपली, टिपूही १७९९ साली श्रीरंगपट्टणला मारला गेला, पण त्या स्वारीत सहज हाती लागलेल्या गवतावर सेनापतीचे नाव कायमचे बसले. ज्या भिल्ल-कोरकूंच्या पायाखाली ते हजारो वर्षे होते त्यांना ते आधीपासून ठाऊक होते, आणि त्यांनी दिलेली नावेही त्याला होतीच.

नंदुरबारच्या भट्ट्या

रोशेलच्या धंद्याची सगळ्यात तपशीलवार जुनी नोंद खानदेशातली आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या बॉम्बे गॅझेटियरच्या खानदेश खंडात ती सापडते. तेव्हा नंदुरबार हा खानदेश जिल्ह्यातला एक तालुका होता. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. पश्चिम खानदेशच्या डोंगरांवर, विशेषतः अक्राणीच्या बाजूला, हे गवत उदंड उगवत असे.

गॅझेटियर सांगते की तेल काढणारे लोक मुसलमान होते. पावसाळा संपत आला, गवत तुऱ्यावर आले की सप्टेंबरच्या सुमारास ते भिल्लांकडून गवत विकत घेत आणि त्याच्या गंजी रचत. मग जिथे लाकूडफाटा आणि वाहते पाणी दोन्ही मिळेल अशा ओढ्याच्या काठी भट्टी मांडत. जमिनीत सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून चुला करत. त्यावर मोठा हंडा. हंड्यात थोडे पाणी, वर तोंडापर्यंत चिरलेले गवत, पुन्हा थोडे पाणी. तोंडावर धातूचे झाकण बसवून फटी कणकेने लिंपून टाकायच्या. झाकणाला भोक. त्यातून बांबूची नळी काढायची, तिला कापड गुंडाळायचे, उडदाच्या पिठाने लिंपायचे, वरून दोरीने आवळायचे. नळीचे दुसरे टोक दुसऱ्या बंद हंड्यात, आणि हा दुसरा हंडा वाहत्या ओढ्यात गळ्यापर्यंत बुडवलेला.

खाली जाळ पेटला की पहिल्या हंड्यातली वाफ बांबूतून दुसऱ्यात जाते आणि ओढ्याच्या गार पाण्याने निवते. दुसरा हंडा भरत आला की तो हलू लागतो. ही कारागिराची खूण. तो जपून नळी काढतो, हंड्यातले पाणी तिसऱ्या भांड्यात ओततो आणि ढवळतो. हळूहळू पाण्यावर तेल तरंगू लागते. ते अलगद निपटून घ्यायचे.

वाचताना ही कृती साधी वाटते. तिच्यातले शास्त्र मात्र साधे नाही. रोशेलमधला मुख्य घटक एकटा तापवला तर त्याला उकळायला २३० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. एवढ्या तापात गवत करपून जाईल आणि वासही जळेल. पण पाण्याच्या वाफेबरोबर तो शंभर अंशांच्या आतच निघून येतो, कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत आणि दोघांच्या वाफेचा दाब मिळून उकळीपर्यंत पोचतो. थंड झाल्यावर तेल पुन्हा पाण्यापासून वेगळे होते आणि हलके असल्यामुळे वर येते. आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या लावून जे शिकवले जाते तेच नंदुरबारचा कारागीर बांबू, उडदाचे पीठ आणि ओढा यांच्या आधाराने करत होता. बांबू का? तो लवकर तापत नाही आणि वासाला बाध आणत नाही. उडदाचे पीठ का? ते चिकट असते आणि वाळले की घट्ट बसते. बाजारात मिळणाऱ्या आणि रानात उगवणाऱ्या वस्तूंतून उभा केलेला तो कारखाना होता.

गॅझेटियरने आकडेही दिले आहेत. त्या काळी अशा १९७ भट्ट्या होत्या, त्यांतल्या शंभराहून अधिक एकट्या नंदुरबारात. वर्षाचे तेल सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या मापाने ३,६०० किलोंच्या आसपास. जरा हिशेब करून पाहू. एका भट्टीच्या वाट्याला सरासरी १८ किलो तेल येते. गवतातून तेलाचा उतारा शेकडा अर्धा धरला तरी एवढ्या तेलासाठी साडेतीन टनांहून अधिक गवत लागते. ते डोंगरावर कापायचे, डोक्यावरून खाली आणायचे, चिरायचे, हंड्यात दाबायचे, त्याला पुरेल इतका फाटा जमवायचा, आणि अखेर हाती काय? एक-दोन बुधले तेल. हे तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कुंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई, किंवा धुळे-मनमाडच्या वाटेने मुंबईला. १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्यातून रेल्वे आली आणि सुरतेची वाट बदलली. तोपर्यंत ओझे बैलांचेच होते.

या सगळ्या नोंदीत भट्टीची लांबी-रुंदी आहे, पिठाची जात आहे, घाटाचे नाव आहे. एकाही भट्टीवाल्याचे नाव नाही. गवत कापणाऱ्या एकाही भिल्लाचे नाव नाही. 'मुसलमान' आणि 'भिल्ल' या दोन शब्दांत माणसे संपली आहेत. तरीही एक गोष्ट ती नोंद नकळत सांगून जाते. या धंद्याचे दोन पाय होते. रान भिल्लांना ठाऊक, भट्टी मुसलमानांना ठाऊक, आणि एकावाचून दुसऱ्याचे चालत नव्हते. हे नाते बाजाराचे होते, त्यात भावाची घासाघीस असणारच. पण खानदेशातल्या दोन गरीब समाजांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे असे देणेघेणे होते, हे आजच्या काळात मुद्दाम सांगावे लागते.

मुंबई, जेद्दा आणि गुलाबाचे खोरे

मुंबईहून हे तेल जात असे तांबड्या समुद्राच्या बंदरांना. तिथून अरब व्यापारी ते खुष्कीच्या मार्गाने इस्तंबूलला नेत आणि इस्तंबूलहून ते पोचत असे कझनलिकच्या खोऱ्यात. आज हे खोरे बल्गेरियात आहे. पूर्वी ते उस्मानी साम्राज्यात होते. जगातले सर्वांत नावाजलेले गुलाबाचे अत्तर तिथे निघे आणि आजही निघते. एक किलो अत्तरासाठी तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. एवढ्या महाग मालात भेसळ होणार नाही तर कशात होणार? भेसळीला सर्वांत सोयीचा माल होता आपले रोशेल.

तुर्की व्यापारी त्याला इद्रिस यागी म्हणत. लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्यात ते घुसळायचे, उन्हात ठेवून त्याचा रंग आणि उग्रपणा कमी करायचा, मग गुलाबाच्या तेलात मिसळायचे. कधी कधी तर पाकळ्या भट्टीत घालण्याआधीच त्यांच्यावर शिंपडायचे, म्हणजे दोन्ही वास एकत्रच बाहेर पडतील. मग हाच माल लंडन-पॅरिसला 'अस्सल गुलाब' म्हणून जायचा.

युरोपच्या व्यापाऱ्यांना जेव्हा नुसते रोशेल मिळू लागले तेव्हा ते तुर्कस्तानातून येते म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले 'तुर्की जिरेनियम तेल'. वास्तविक ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमचे तर मुळीच नव्हते. जिरेनियम ही वेगळी वनस्पती, तिच्या पानांचा वास थोडा याच्यासारखा, एवढाच संबंध. पुढे तेल हिंदुस्थानातले आहे हे कळल्यावर 'भारतीय जिरेनियम' म्हणू लागले, आणि अखेर 'पामारोझा' हे व्यापारी नाव रुळले. नंदुरबारच्या ओढ्याकाठी निघालेला माल तीन-चार नावे बदलत जगभर हिंडला, पण त्यांत नंदुरबार कुठेच नव्हते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भेसळ काही फक्त कझनलिकला होत नव्हती. रोशेलमध्येही भुईमुगाचे किंवा इतर गोडे तेल आणि टर्पेंटाइन मिसळले जात असे. भट्टीवाल्याला मिळणारा भाव कमी, मधले हात अनेक. प्रत्येक हातात माल थोडा पातळ होत होता. सुगंधाच्या धंद्यात अस्सल आणि नक्कल ही जोडी फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने सुगंधाच्या रसायनावर आणि ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत आणि महागड्या सुगंधांच्या नकली कशा कराव्यात याच्याही कृती आहेत. अल-किंदी हा मोठा तत्त्वज्ञ. त्याला भट्टीचा विषय हलका वाटला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

प्रयोगशाळेत काय सापडले

१८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या भारतीय तेलाचे पृथक्करण केले आणि त्यातला मुख्य पदार्थ वेगळा काढला. त्याने त्याला नाव दिले जिरेनिऑल. तेलाला चुकून जिरेनियमचे म्हणत होते, म्हणून त्यातल्या पदार्थालाही तेच नाव चिकटले. सुगंधाच्या रसायनशास्त्रातला हा एक पायाभूत पदार्थ. तो जगाला प्रथम ओळखता आला तो आपल्या रोशा गवतातून, आणि त्याला नाव मिळाले ते अशा वनस्पतीचे जिचा त्या बाटलीशी संबंध नव्हता.

जिरेनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा एक असतो. हे अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत याचा उलगडा १८९० नंतरच्या काही वर्षांत टीमन आणि सेमलर या जर्मन शास्त्रज्ञांनी केला. याच काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जिरेनिऑलचे ऑक्सिडीकरण केले, म्हणजे त्यातले दोन हायड्रोजन काढून घेतले, की सिट्रल तयार होते. सिट्रल म्हणजे गवती चहाचा वास. एका कुळातल्या दोन गवतांच्या वासांत फरक आहे तो एवढाच, दोन हायड्रोजनचा.

चांगल्या रोशेलमध्ये साधारण ७५ ते ८५ टक्के जिरेनिऑल असते. पाच-दहा टक्के जिरेनिल ॲसिटेट, दोन-चार टक्के लिनालूल, शिवाय कॅरिओफायलीनसारखे इतर घटक थोडे थोडे. गुलाबाच्या तेलातही जिरेनिऑल असते, म्हणूनच भेसळ इतकी बेमालूम जमत होती. नाकाला फसवणारा पदार्थ खोटा नव्हता. गुलाबात तो खरोखर असतो. मग फरक कशाने कळायचा? गुलाबाच्या तेलात सिट्रोनेलॉल भरपूर असते आणि मेणासारखे काही पदार्थ असतात. त्यामुळे गार हवेत ते गोठते. रोशेल तसे गोठत नाही. जुने व्यापारी अत्तर गोठते की नाही हे पाहून पारख करत. त्यावर भेसळवाल्यांनी मेणासारखे पदार्थ घालून तोड काढली, तो भाग वेगळा. गुलाबाचे खरे गुलाबपण ज्या घटकांत आहे त्यांतला डॅमॅसिनोन हा पदार्थ ओळखायला मात्र १९७० साल उजाडावे लागले. त्याचे प्रमाण अगदी नगण्य, पण वासावर त्याची छाप सर्वांत मोठी.

रसायनशास्त्राने भट्टीवाल्यांच्या बाजूने दोन साक्षी दिल्या आहेत. त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली साक्ष गवत कापण्याच्या वेळेची. नंदुरबारचे कारागीर गवत तुऱ्यावर येण्याची वाट पाहत. अलीकडच्या संशोधनातून कळले आहे की रोशातले तेल मुख्यतः तुऱ्यात साठते. तुरा कोवळा असताना त्यात जिरेनिल ॲसिटेट जास्त असते, आणि तो पक्व होत जाईल तसे त्याचे जिरेनिऑलमध्ये रूपांतर होते. म्हणजे गवत केव्हा विकत घ्यायचे हा त्यांचा निर्णय रासायनिक दृष्ट्या अचूक होता. त्यांना रेणू ठाऊक नव्हता, ऋतू ठाऊक होता.

दुसरी साक्ष नावांची. हे तेल काढणारे लोक या गवताच्या दोन जाती मानत, मोतिया आणि सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढते आणि तिचे तेल उंची. सोफिया दमट सावलीत वाढते, तिचे तेल हलक्या भावाचे. वनस्पतिशास्त्रज्ञ वाळवलेले नमुने समोर ठेवून पाहत तेव्हा त्यांना दोघींत फरक दिसेना. १९०९ च्या सुमारास बर्किल या शास्त्रज्ञाने या देशी भेदाची नीट दखल घेतली. तेलांचे पृथक्करण झाले तेव्हा फरक लख्ख दिसला. मोतियात जिरेनिऑल भरलेले, तर सोफियात ते कमी आणि लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल यांसारखे निराळेच पदार्थ जास्त. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते भट्टीवाल्यांच्या नाकाला कळत होते. आज शास्त्रीय ग्रंथांत या दोन प्रकारांची नावे मोतिया आणि सोफिया हीच आहेत. क्लॉड मार्टिनच्या नावाशेजारी ती छापली जातात. या साऱ्या कहाणीत कारागिरांची सही कुठे उरली असेल तर ती या दोन शब्दांत.

चंदनाची जमीन

रोशेल आणि आपल्या अत्तराच्या कुपीतला फरकही थोडा समजून घेऊ. कन्नौजच्या पद्धतीत फुलांची वाफ ज्या भपक्यात निवते त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलांचा वास त्यात मुरतो. चंदन हे आपल्या दख्खनचे झाड. त्याच्या खोडाच्या गाभ्यात तेल तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे जातात. त्या तेलातला मुख्य घटक सँटॅलॉल हा १५ कार्बनचा जड रेणू आहे. तो सावकाश उडतो आणि सोबतच्या हलक्या वासालाही धरून ठेवतो. जिरेनिऑल दहा कार्बनचे, हलके. म्हणून नुसत्या रोशेलचा गुलाबवास लवकर उडून जातो आणि चंदनावर बसवलेले अत्तर कपड्याला दोन दिवस राहते. चंदन हा शब्द संस्कृतातून फारसी-अरबीत जाऊन संदल झाला, तिथून ग्रीक-लॅटिनमध्ये गेला आणि सँटॅलॉल होऊन प्रयोगशाळेत पोचला. उरुसाचा संदल आणि रसायनशास्त्राचे सँटॅलॉल हे एकाच शब्दाचे दोन प्रवास आहेत. चंदनाने आपले नाव टिकवले, रोशाला ते जमले नाही. कारण उघड आहे. चंदन राजदरबारातले आणि देवघरातले, रोशा गरिबांच्या माळावरचा.

माणसांचेही असेच झाले. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँच्या आईने लावला असे जहांगीर आपल्या आठवणींत लिहून ठेवतो. ती बेगम होती, तिचे नाव बादशहाच्या लेखणीतून उतरले. गुलाब ओतून घेणाऱ्या, जाळ सांभाळणाऱ्या हातांचा उल्लेख करायला तिथे कोणी नव्हते. नंदुरबारचा भट्टीवाला तर दरबारापासून कोसभर नव्हे, अडीच शतके आणि शेकडो मैल दूर होता.

भट्ट्या का विझल्या

१८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली. रोशेलचा धंदा गवत आणि सरपण या दोन गोष्टींवर उभा, आणि दोन्ही रानातल्या. कालपर्यंत भिल्लाने कापून विकलेले गवत आता सरकारी मालमत्ता झाले. तिथे परवाना, लिलाव आणि ठेकेदार आला. लहान भट्टीवाल्याची पायरी खाली सरकली. दुसरीकडे जावा बेटातल्या सिट्रोनेला तेलातूनही जिरेनिऑल निघू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पाइन वृक्षाच्या टर्पेंटाइनपासून ते कारखान्यात बनू लागले. आज आपल्या साबणात, अगरबत्तीत, पावडरीत जो 'गुलाब' असतो त्यातला बराचसा या कारखान्यांतला आहे.

रोशा गवत मात्र नामशेष झालेले नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याच्या सुधारित जाती काढल्या आणि देशात अनेक ठिकाणी त्याची शेतात लागवड होते. कमी पाण्यात, हलक्या जमिनीत येणारे पीक म्हणून मराठवाड्यासारख्या भागात त्याचा विचार करण्यासारखा आहे. आता भट्टी पोलादी असते, वाफ बॉयलरमधून येते. तत्त्व तेच आहे, हंडा, नळी आणि गार पाणी.

हा इतिहास कशासाठी सांगायचा? आम्हीही जगाला सुगंध दिला, अशी फुशारकी मारण्यासाठी नक्कीच नाही. त्या सुगंधातला मोठा भाग भेसळीच्या वाटेने गेला, हेही आपण पाहिले. सांगायचे आहे ते एवढेच की ज्ञान केवळ मदरशात, विद्यापीठात आणि दरबारात नसते. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ओढ्याकाठी बसून एक शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. ते त्यांनी लिहिले नाही, कारण लेखणी त्यांच्या हाती नव्हती. आज ती आपल्या हाती आहे. आपल्यातली मुले-मुली शिकली आहेत, रसायनशास्त्राच्या पदव्या घेत आहेत, मराठीत लिहीत आहेत. त्यांनी आपल्या गावातल्या जुन्या धंद्यांकडे या नजरेने पाहावे. घरात एखादा जुना तांब्याचा हंडा असेल तर भंगारात घालण्यापूर्वी तो कशाचा होता हे विचारून घ्यावे. पिंजाऱ्याच्या धनुकलीचे, रंगाऱ्याच्या कढईचे, तांबटाच्या ऐरणीचे शब्द आजी-आजोबांकडून उतरवून ठेवावेत. जुन्या वहीखात्यातला एक भाव, एका वाटेचे नाव, एका औजाराचा शब्द यांतून धंदा पुन्हा उभा करता येतो.

बादशहांचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत. एकशे सत्त्याण्णव भट्ट्यांचा इतिहास आपण लिहिला नाही तर तो कोणी लिहिणार नाही.